घरी बांधलेल्या विमानातील नियंत्रण पृष्ठांचे समतोलन

विमानाच्या एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेवरील), एलिव्हेटर (आडव्या शेपटीवरील) व रडर (उभ्या शेपटीवरील) या हलत्या पृष्ठांचा गुरुत्वमध्य त्यांच्या बिजागरीच्या रेषेवर किंवा तिच्या किंचित पुढे यावा, यासाठी पुढच्या बाजूला वजन बसवून ते मोजून ठरवण्याच्या प्रक्रियेला नियंत्रण पृष्ठांचे समतोलन म्हणतात. कारखान्यात तयार झालेल्या विमानात हे काम उत्पादक करतो. हौशी बांधणाऱ्याला ते स्वतः करावे लागते, आणि विमान पूर्ण होत आल्यावर जी कामे उरकून टाकण्याचा मोह होतो त्यांत याचा क्रमांक बराच वर असतो.

समतोलन म्हणजे वैमानिकाचा नियंत्रण दांडा हाताला हलका लागावा यासाठी केलेली सोय, असा समज आढळतो, पण तो चुकीचा आहे. बिजागरीच्या पुढे पृष्ठभाग वाढवून वैमानिकाला लागणारा जोर कमी करणे हे वायुगतिक समतोलन होय. येथे विषय वस्तुमानाचा आहे आणि उद्देश फ्लटर टाळण्याचा आहे. हवेचा दाब, रचनेची लवचीकता आणि जडत्व यांच्या संयोगातून जे स्वतःहून वाढत जाणारे कंपन निर्माण होते ते फ्लटर. पंख झटक्याने वर उचलला गेला, की मागच्या बाजूला जड असलेले एलेरॉन जडत्वामुळे मागे राहते, म्हणजे पंखाच्या तुलनेत त्याची मागची कड खाली जाते. त्यामुळे पंखाची उचल वाढते आणि पंख आणखी वर ढकलला जातो. परतीच्या हालचालीत हेच उलट दिशेने घडते. प्रत्येक फेरीत हवेतून ऊर्जा मिळत राहिली, तर काही सेकंदांतच रचना तुटू शकते. नेदरलँड्समधील फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी एलेरॉनच्या फ्लटरचा अभ्यास करून दाखवले, की वस्तुमान समतोल साधला की पंखाची व एलेरॉनची हालचाल एकमेकींपासून सुटी होते. आजही उपाय मुळात तोच आहे.

मोजणी साधी असते. पृष्ठ त्याच्या बिजागरीच्या बोल्टांवर, सपाट व समतल आधारावर मोकळे फिरेल असे ठेवतात, मागच्या कडेखाली तराजू लावून पृष्ठ आडवे करतात आणि तराजूवरील वजनाला बिजागरीपासूनच्या अंतराने गुणतात. समजा ४ किलो वजनाच्या एलेरॉनचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या ५ सेंमी मागे आहे. परिबल (वजन गुणिले अंतर) २० किलो-सेंमी झाले, आणि पुढे १५ सेंमीवर सुमारे १.३३ किलो शिसे लागेल. आता त्याच एलेरॉनला रंग देताना २० सेंमी मागे १०० ग्रॅमची भर पडली, तर पुढे आणखी १३३ ग्रॅम लागतील. म्हणूनच मोजणी रंग, भरणलेप आणि ट्रिम टॅब (मागच्या कडेवरील छोटी हलती पट्टी) यांसह पूर्ण झालेल्या पृष्ठाचीच करायची असते, आणि विमान पुन्हा रंगवले किंवा मागची कड दुरुस्त केली की ती पुन्हा करायची असते. पाणी निचऱ्याची छिद्रे बुजली असतील, तर आत साठलेले पाणी किंवा बर्फ हाच हिशेब गुपचूप बिघडवतो.

शिसे कुठे बसवावे हे आराखड्यावर अवलंबून असते. हौशी बांधणाऱ्यांसाठी विमानसंच बनवणाऱ्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही मालिकेतील अनेक विमानांत एलेरॉनच्या पुढच्या कडेत लोखंडी नळी असते, तर एलिव्हेटरच्या टोकांशी शिशाचे तुकडे बसवलेले असतात. जेथे पृष्ठ सर्वाधिक हेलकावते तेथे टोकाजवळचे थोडे वजनही परिणामकारक ठरते. मधोमध लावलेले तेवढेच वजन स्थिर मोजणीत बरोबर दिसूनही गतिक दृष्ट्या अपुरे पडू शकते. वजन धरणारा हात लवचीक असेल, तर तो स्वतःच कंप पावू लागतो. अमेरिकेच्या लहान विमानांच्या प्रमाणनाच्या, म्हणजे भाग २३ च्या, जुन्या नियमावलीत अशा वजनांचे आधार पृष्ठाच्या प्रतलाला लंब दिशेत गुरुत्वबलाच्या २४ पट, तर पुढे-मागे व बिजागरीला समांतर दिशेत १२ पट भार सोसतील असे असणे आवश्यक होते. हौशी विमानांना तो नियम बंधनकारक नसला, तरी मापदंड म्हणून तो उपयोगी आहे.

शंभर टक्के समतोल प्रत्येक आराखड्यात लागतोच असे नाही; जोडण्या ताठ असतील आणि वेग कमी असेल, तर आराखडाकार अंशतः समतोल किंवा समतोलाचा अभावही मान्य करतो. झेनिथ सीएच ६०१ एक्सएल या छोट्या हौशी विमानात एलेरॉन समतोलित नव्हते. उड्डाणात तुटण्याच्या अनेक अपघातांनंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एप्रिल २००९ मध्ये फ्लटरकडे बोट दाखवले. विमान वाहतूक प्रशासनाच्या नंतरच्या परीक्षणात मात्र एकच मूळ कारण निष्पन्न झाले नाही, तर आराखड्यातील व वापरातील अनेक बाबींचा संयोग संभवतो असे म्हटले गेले. उत्पादकाच्या सुधारणांत पंखाच्या बळकटीबरोबर एलेरॉनवर समतोल वजनेही आली.

समतोल साधला म्हणजे फ्लटरची शक्यता संपली असे मात्र नाही. केबलचा ताण सैल पडणे, बिजागरीत किंवा ढकलदांड्याच्या (दांड्याची हालचाल पृष्ठापर्यंत नेणारी ताठ सळई) टोकात ढिलेपणा येणे, ट्रिम टॅबच्या जोडणीत खेळ असणे यांमुळेही तो सुरू होऊ शकतो. आराखडाकाराने दिलेली कमाल वेगमर्यादा ओलांडू नये, आणि ती खऱ्या वायुवेगात दिली आहे की वेगदर्शकावर दिसणाऱ्या वेगात, हे बांधणाऱ्याने पाहून घ्यावे, कारण उंचीवर दर्शक तोच आकडा दाखवत असताना खरा वेग बराच जास्त असतो.