पुढची सीट कुणाची?

आईचं माहेर वैभववाडीकडचं. कोल्हापुरातून निघायचं, ५५ किलोमीटरवर गगनबावड्याला चहा घ्यायचा आणि करूळ घाट उतरला की मामाचं गाव आलंच. आम्हा पोरांना आदल्या रात्री आनंदानं झोप लागायची नाही, आणि आई आदल्या रात्रीपासून जेवायचीच नाही. रंकाळा स्टँडवर एस.टी.त चढतानाच तिच्या मुठीत लिंबू असायचं आणि पर्सच्या वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या. कळे मागं पडलं की ती गप्प व्हायची. घाटात दोन-तीनदा उलटी. माहेरच्या दारात उतरल्यावर पहिला तासभर ती पडवीत डोळे मिटून पडलेली असायची. वर्षातून एकदा माहेरी येणाऱ्या बाईचा पहिला तास असा जायचा, आणि वर सगळे म्हणायचे, "तिनं मनातच घेतलंय, म्हणून तिला गाडी लागती."

तो त्रास मनातून येत नव्हता, कानातून येत होता.

कानाच्या पडद्याच्या बऱ्याच आत, कवटीच्या हाडात, तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. तिच्यात एकमेकींशी जवळपास काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोकं वळलं की नलिकेतला द्रव किंचित मागं राहतो, त्याच्या दाबानं सूक्ष्म केस असलेल्या पेशी वाकतात आणि डोकं कुठल्या दिशेला वळलं हे मेंदूला कळतं. नलिकांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे पसरलेले असतात. बसनं ब्रेक मारला की खडे पुढं सरकतात, बसनं वेग घेतला की मागं.

या खड्यांची एक अडचण आहे आणि घाटातला सगळा गोंधळ मला तिच्यातच दिसतो. डोकं उजवीकडं कलतं केलं तरी ते उजवीकडं ओघळतात, आणि डोकं सरळ ठेवून बस डावीकडं वळली तरीही ते उजवीकडंच जातात. कल आणि वेगातला बदल यांतला फरक त्यांना एकट्याला ओळखता येत नाही. खरं काय घडलं हे ठरवायला मेंदू नलिकांचा, मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंचा आणि मुख्य म्हणजे डोळ्यांचा आधार घेतो. डोळ्यांना पुढचं वळण दिसत असेल तर हिशेब जुळतो. डोळे मांडीवरच्या पिशवीत असतील तर ते सांगतात, काहीच हलत नाही. कान सांगतात, आपण गरगर वळतोय. बहुतेक शास्त्रज्ञ गाडी लागण्याचं मूळ या न जुळणाऱ्या हिशेबात बघतात.

हे सगळं कानाशी बांधलेलं आहे याचा पुरावा जुना आहे. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८८२ साली मूकबधिर लोकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्यातल्या पुष्कळांना गोल फिरवलं तरी भोवळ येत नाही असं दिसलं. ज्यांची तोलाची यंत्रणा दोन्ही कानांत पूर्ण निकामी झाली आहे, त्यांना गाडी लागत नाही हे आज पक्कं माहीत आहे. अंध माणसाला मात्र लागू शकते. म्हणजे ज्याला गाडी लागते त्याचा कान धडधाकट आहे, आपलं काम नेमकं करतो आहे. ही गोष्ट आईला वेळेवर कुणी सांगितली असती तर तिनं इतकी वर्षं अपराध्यासारखं तोंड केलं नसतं.

हेलकाव्याची लय फार महत्त्वाची. सर्वांत जास्त मळमळ होते ती साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा, अशा संथ लयीत. चालताना आपण सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, त्यानं कुणाला काही होत नाही. उसाच्या हंगामात गगनबावडा रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं असला की आपला ड्रायव्हर काय करतो ते आठवा. ब्रेक, थोडा वेग, बाहेर डोकावणं, पुन्हा ब्रेक. घाट यायच्या आधीच आईचा चेहरा पांढरा का पडायचा, ते मला इथं कळलं.

मळमळच का, डोकेदुखी का नाही? मिशेल ट्रीसमन या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये एक तर्क मांडला. अनेक विषांनी तोल आणि नजर बिघडते. त्यामुळे कान आणि डोळे यांचं जुळेनासं झालं की मेंदू पोटात विष गेल्याचं गृहीत धरतो आणि पोट रिकामं करतो. हा अजून तर्कच आहे, पण मला तो पटतो.

आता गाडीत कोण कुठं बसतं ते बघू. चालवणाऱ्याला जवळपास कधीच गाडी लागत नाही. स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं, त्यामुळे वळण येण्याआधीच त्याच्या मेंदूला त्याचा अंदाज असतो. तो डोकं वळणाच्या आतल्या बाजूला झुकवतो, बाकीच्यांची डोकी बाहेर फेकली जातात. त्याच्या शेजारच्याला निदान रस्ता तरी दिसतो. आमच्याकडं ती सीट वडिलांची, ते नसले तर थोरल्या काकांची. दोघांनाही कधी गाडी लागली नाही. आई मागं. मांडीवर धाकटा, पायाशी पिशव्या, कुणाला पाणी दे, कुणाला चिवडा काढून दे, मान सतत खाली. मळमळ व्हावी म्हणून कुणी मुद्दाम जागा निवडली असती तर हीच निवडली असती. पाहण्यांमध्ये बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. त्याची शारीरिक कारणं असतीलही, पण मागच्या सीटवरची ही खाली घातलेली मान कुणी मोजली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा काही होत नाही. सहा-सात वर्षांपासून त्रास वाढतो आणि नऊ-दहाच्या सुमारास सर्वांत जास्त असतो. नेमक्या याच वयाच्या हातात आपण "गप बस" म्हणून मोबाइल देतो. लहान मुलांना पुढं बसवणं एअरबॅगमुळे धोक्याचं, म्हणून त्यांना मागं मधोमध, पट्टा लावून, पुढच्या काचेतून रस्ता दिसेल असं बसवावं. निघताना तर्रीदार मिसळ नको, पण अगदी उपाशीही नको. काच थोडी खाली ठेवावी. डोकं मागं टेकवून स्थिर ठेवावं. आल्याबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, तरी तुकडा चघळायला हरकत नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. मळमळ सुरू झाली की पोटाची हालचाल मंदावते आणि गोळी तिथंच पडून राहते. तिनं झोपही येते, म्हणून चालवणाऱ्यानं घेऊ नये.

गेल्या मे महिन्यात मी गाडी चालवत होतो. काका नेहमीप्रमाणे पुढचं दार उघडायला गेले, तेव्हा म्हटलं, "काका, आज आईला बसू दे. तुम्ही मागं बसा, पिशव्या तुमच्याकडं." ते क्षणभर थांबले आणि मागं गेले. वयानं हा त्रास थोडा कमी होतोच, त्यामुळे सगळं श्रेय सीटला देता येणार नाही. गगनबावड्याला आईनं चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली. करूळ घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर ती एकदम म्हणाली, "अरे, इथनं एवढं खालचं दिसतं होय?" लग्नानंतर पन्नासएक वेळा ती या घाटातून गेली असेल, दर वेळी डोळे मिटून.