सीयूईटीतील विषयनिवड

सीयूईटीतील विषयनिवड : पदवीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षेत कोणते पेपर द्यायचे हे ठरवणे. राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजेच एनटीए, ही परीक्षा २०२२ पासून घेते. इंदुरातल्या मराठी घरांत तिचे नाव पोहोचले ते देवी अहिल्या विश्वविद्यालयामुळे. १९६४ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ आपल्या अध्यापन विभागांतल्या अनेक अभ्यासक्रमांसाठी पूर्वी स्वतःची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, घेत असे. २०२२ पासून ते प्रवेश सीयूईटीवरून होऊ लागले. त्यामुळे या विद्यापीठाच्या खंडवा रोडवरच्या परिसरात शिकू इच्छिणारा विद्यार्थी आणि दिल्ली किंवा बनारसला जाऊ पाहणारा विद्यार्थी आता एकच फॉर्म भरतात. फॉर्म एक असला तरी विषय मात्र एकच भरून चालत नाहीत.

सुरुवातीच्या वर्षांत विषयांचा पसारा फार होता. २०२२ मध्ये एका विद्यार्थ्याला नऊ, २०२३ मध्ये दहा, तर २०२४ मध्ये सहा पेपर घेता येत. २०२५ मध्ये ही मर्यादा पाचवर आली आणि एकूण विषय ६३ वरून ३७ झाले : १३ भाषा, २३ शालेय विषय (फॉर्मवर यांना ‘डोमेन’ म्हणतात) आणि एक सामान्य अभियोग्यता चाचणी, जिला मुले अजूनही ‘जनरल टेस्ट’ म्हणतात. प्रत्येक पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्नांचा आणि २५० गुणांचा. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीला एक वजा.

निवडीतला सर्वांत मोठा घोळ दोन नियमावल्यांमुळे होतो. बारावीला नसलेला विषयही घ्यायला एनटीए २०२५ पासून परवानगी देते. ही सवलत वाचून घरात आनंद होतो आणि पाच पेपर मनाला येतील तसे भरले जातात. पण एनटीए फक्त पेपर घेते, प्रवेश विद्यापीठ देते, आणि कोणत्या पेपरचे गुण धरायचे हे तेच ठरवते. दिल्ली विद्यापीठ साधारणपणे बारावीला शिकलेल्या विषयांचेच गुण धरते. तिथल्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठी एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय लागतात. गणित नसेल तर बाकीचे गुण कितीही असोत, अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून निवड उलट्या टोकाने करावी : आधी अभ्यासक्रम, मग त्याची विषयअट, मग स्वतःची बारावीची गुणपत्रिका, आणि सर्वांत शेवटी आवड. इंदुरातल्या भंवरकुआं भागातल्या क्लासांचा सल्ला बहुधा क्लासमध्ये जे शिकवले जाते तिथून सुरू होतो. तो ऐकावा, पण विद्यापीठाचे माहितीपत्रक स्वतः वाचल्यावर.

मराठीच्या पेपरचा प्रश्न इंदुरात हमखास निघतो, आणि तो जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे. तेरा भाषांत मराठी आहे. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या कुटुंबांत घरची बोली मराठी आणि शाळा हिंदी किंवा इंग्रजी, अशी विभागणी असते. ‘आपली मातृभाषाच, अभ्यास कशाला?’ असे म्हणून काही पालक मराठी भरायला सांगतात. भाषेचा पेपर मुख्यतः उताऱ्यांवर आणि शब्दसंग्रहावर असतो. साठ मिनिटांत ५० प्रश्न सोडवताना लागतो तो वाचनाचा वेग. स्वयंपाकघरात उत्तम मराठी बोलणारी मुलगी छापील मराठी हिंदीच्या निम्म्या वेगाने वाचत असेल, तर तिने हिंदी किंवा इंग्रजीच घ्यावी. शिवाय मराठी बारावीला नसेल, तर वरच्याच अटीने ती दिल्लीला धरली जाईल की नाही, हे आधी तपासावे लागते. ज्याची मराठी शाळेत झाली आणि ज्याला हवे ते विद्यापीठ ती भाषा स्वीकारते, त्याने मात्र ती जरूर घ्यावी.

याच्याशीच जोडलेला दुसरा गोंधळ माध्यमाचा. अर्थशास्त्राचा पेपर मराठी माध्यमातून देणे आणि मराठी हा भाषेचा पेपर देणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. माध्यमही त्याच तेरा भाषांतून निवडता येते, त्यामुळे फॉर्मवर मराठीचे नाव दोन ठिकाणी येते आणि चूक होते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ‘मार्जिनल युटिलिटी’ शिकलेल्या मुलाला ‘सीमांत उपयोगिता’ वाचताना थांबावे लागते. घरच्या अभिमानापोटी माध्यम बदलू नये.

गणिताच्या पेपरात वाणिज्य शाखेच्या मुलांना उपयोगी अशी एक सोय आहे. पहिले १५ प्रश्न सर्वांना सारखे असतात, पुढचे ३५ गणिताचे घ्यायचे की उपयोजित गणिताचे, हे विद्यार्थी ठरवतो. गणित सोडून दिल्यावर अर्थशास्त्र ऑनर्सचे स्वप्न पाहणाऱ्यांची अडचण मात्र यातून सुटत नाही. ती अकरावीतच तयार झालेली असते, कारण खरी विषयनिवड तिथेच होते आणि सीयूईटीचा फॉर्म तिच्यावर शिक्का मारतो.

‘स्कोअरिंग’ विषयांबद्दल बरेच बोलले जाते. एकाच विषयाचे पेपर वेगवेगळ्या पाळ्यांत होतात तेव्हा गुणांचे समानीकरण होते. दोन वेगळ्या विषयांची काठिण्यपातळी त्यात जुळवली जात नाही. म्हणून ही चर्चा अगदीच निराधार नाही. पण सोप्या पेपरात सगळेच वर जातात आणि एका चुकीने सहा गुणांचा फरक पडतो : पाच हुकतात, एक कापला जातो.

जनरल टेस्ट घ्यावी का, हे अभ्यासक्रमावर अवलंबून आहे. २०२५ मध्ये विधी अध्ययन, पर्यटन, उद्योजकता यांसारखे काही विषय वगळले गेले, तेव्हा त्यांच्या जागी या चाचणीचे गुण धरण्याची सूचना निघाली. आयआयएम इंदूरच्या, २०११ मध्ये सुरू झालेल्या, पाच वर्षांच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमासाठी आयपीमॅट ही स्वतंत्र परीक्षा आहे. तिथे विषय निवडायचे नसतात. तिच्या अंकगणिती तयारीचा फायदा जनरल टेस्टला होतो, म्हणून तिचे उमेदवार ही चाचणी सहसा सोडत नाहीत. सोडूही नये.

अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्यांसमोर अशीच निवड पूर्वी सॅट या तिथल्या प्रवेश परीक्षेच्या विषय चाचण्यांची असे. १९३७ मध्ये सुरू झालेल्या या चाचण्या कॉलेज बोर्डाने २०२१ मध्ये बंद केल्या. त्यामुळे जुन्या मार्गदर्शकांतला ‘गणित लेव्हल वन की टू’ हा सल्ला आता निरुपयोगी आहे.

शुल्कही विषयांवर असते : २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाला तीन विषयांपर्यंत १,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ४०० रुपये. चौथा पेपर बहुतेकांना परवडतो आणि लागतोही. पाचवा केवळ ‘असू दे’ म्हणून भरला जातो आणि मे महिन्याच्या उन्हात त्याच्यासाठी आणखी एकदा केंद्रावर जावे लागू शकते. फॉर्म बंद झाल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस मिळतात, विषय तेव्हा बदलता येतात. त्यानंतर निकाल लागून विद्यापीठांच्या पोर्टलवर नोंदणी होते, आणि ज्या अभ्यासक्रमाला लागणारा पेपर दिलेला नाही, त्याला विद्यार्थी पात्र ठरत नाही.