जमिनीतून निघालेली युद्धाची वस्तू: आमच्याकडे आणण्यापूर्वी

मेटल डिटेक्टर वाजला, माती उकरली आणि हातात काहीतरी आले, की पहिली इच्छा होते ती घासून बघायची. तेवढी आवरा, ही आमची कळकळीची विनंती. आमच्याकडे ओळखीसाठी येणाऱ्या वस्तूंपैकी चिखलासकट आलेल्यांचे काम सोपे असते. लिंबू, व्हिनेगर किंवा तारेच्या ब्रशने चकचकीत झालेल्यांचे अवघड. बटणाच्या पाठीवरची कारखानदाराची बारीक अक्षरे, सोनेरी मुलाम्याचा उरलेला कण, गोळीवर राहिलेली साच्याची कड, हे सगळे त्या पुटाबरोबर निघून जाते. पितळेला आणि शिशाला साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. लोखंड धुऊही नका.

दारू जिवंत असू शकते

लोखंडाचा जुना तोफगोळा भरीव असतो किंवा पोकळ. पोकळ गोळ्यात दारू भरून बत्तीसाठी भोक ठेवत, आणि गंजाने ते भोक असे बुजते की गोळा भरीवच वाटावा. २००८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात गृहयुद्धाच्या काळातला तोफगोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा स्फोटात मृत्यू झाला. युद्ध संपून १४३ वर्षे झाली होती. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या शेतांत पहिल्या महायुद्धातले गोळे आजही नांगराला लागतात आणि त्यांतल्या काहींत विषारी वायू असतो.

म्हणून गोळा, हातबॉम्ब किंवा न उडालेले काडतूस दिसले तर वजन बघण्यासाठीसुद्धा उचलू नका. जागेवर खूण करा, लांब जा, पोलिसांना कळवा. आम्हाला दुरून काढलेला फोटो पाठवलात तर जरूर पाहू, पण आमच्या उत्तरासाठी थांबू नका. अशी वस्तू पोस्टाने किंवा गाडीत घालून आमच्याकडे कधीही आणू नका.

शिशाची गोळी

सर्वांत जास्त सापडते ती हीच, आणि ती बोलतेही भरपूर. ठासणीच्या बंदुकीची गोळी नळीपेक्षा थोडी लहान ओतत, कारण काही बार उडाले की नळीत काजळी धरे आणि घट्ट गोळी आत उतरत नसे. ब्रिटिशांच्या ‘ब्राउन बेस’ या ठासणीच्या बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटरची, तर गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटरची, वजनाला ३२ ग्रॅमच्या आसपास. फ्रेंच ‘शार्लव्हिल’ बंदुकीची गोळी साडेसोळा मिलिमीटर आणि २७ ग्रॅमच्या जवळपास. आदळून चपटी झालेल्या गोळीचा व्यास मोजता येत नाही, पण वजन फारसे घटत नाही. त्यावरून मूळ व्यास काढता येतो. म्हणून दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आम्ही प्रत्येक ग्राहकाला घ्यायला सांगतो.

गोळी टोकदार असून तिचा पेंदा पोकळ असेल तर ती बहुधा मिनिए पद्धतीची, म्हणजे १८४०च्या दशकाच्या अखेरीनंतरची. बार उडताच हा पोकळ पेंदा फुगून नळीतल्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, घट्ट बसे. गोळीवर दातांच्या खुणा दिसल्या की वेदनेने गोळी चावणारा जखमी सैनिक डोळ्यांपुढे येतो, पण त्या खुणा पुष्कळदा डुकरांच्या किंवा उंदरांच्या असतात.

लिंबाच्या आकाराचा शिशाचा गोळा मासेमारीचे वजन समजून फेकू नका; तो गोफणगुंडा असू शकतो. जर्मनीत काल्क्रीजे येथे ब्रिटिश लष्करी अधिकारी टोनी क्लन यांना १९८७ साली डिटेक्टरने आधी रोमन नाणी आणि पुढे असेच गोफणगुंडे मिळाले. त्यांनी ते लगेच पुरातत्त्वज्ञांना दाखवले. इ.स. ९ मध्ये रोमचे तीन लीजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या तीन तुकड्या, जिथे नष्ट झाले ती लढाई इथलीच, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

पुंगळी, बटण, बकल

पुंगळीच्या, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या कवचाच्या, पेंद्यावर कारखान्याची खूण आणि अनेकदा सालही असते. कडेने प्रकाश टाकून फोटो काढला तर ते वाचता येते. पेंद्यातल्या टोपीवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या भागावर, पडलेला बंदुकीच्या आघात-खिळीचा ठसाही तितकाच मोलाचा. अमेरिकी सैन्य आणि मूळ अमेरिकी जमाती यांच्यात १८७६ साली झालेल्या लढाईच्या लिटल बिगहॉर्न या रणभूमीवर १९८३ मध्ये वणव्याने गवत जळाले. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांच्या पथकाने डिटेक्टर घेऊन रांगेने ती जमीन पालथी घातली आणि प्रत्येक वस्तूची जागा नोंदवली. एकाच बंदुकीच्या ठशाच्या पुंगळ्या वेगवेगळ्या जागी मिळाल्या आणि ती बंदूक लढाईत कुठून कुठे सरकली हे कळले. त्या पुंगळ्या कुणी आधीच वेचून डब्यात भरल्या असत्या तर हे कायमचे बुजले असते.

ब्रिटिश बटणावर मुकुट असेल तर त्याच्या कमानी पाहा. मध्ये खाली दबलेल्या कमानी बहुधा १९५३ नंतरच्या, एलिझाबेथ राणीच्या काळातल्या. नुसत्या गोल वर चढलेल्या असतील तर बहुधा त्याआधीच्या राजांच्या. साध्या सैनिकाचे बटण जस्ती रंगाच्या मऊ मिश्रधातूचे असेल तर ते साधारण १८५५ पूर्वीचे, कारण त्या सुमारास पितळी बटणे आली. जर्मन बकलवर ‘गॉट मिट उन्स’ (देव आमच्यासोबत) या अक्षरांसोबत मुकुट असेल तर पहिले महायुद्ध किंवा त्याआधीचा काळ. गरुड आणि स्वस्तिक असेल तर दुसरे.

ओळखपट्टी अख्खी सापडली तर

जर्मन सैनिकाची ओळखपट्टी अंडाकृती असून तिच्या मध्यावर तोडण्यासाठी छिद्रांची रेघ असे. सैनिक पडला की अर्धी तोडून नोंदीसाठी नेत आणि अर्धी देहाबरोबर ठेवत. त्यामुळे अख्खी पट्टी सापडली तर तिच्या मालकाला कुणी शोधलेच नसेल, ही शक्यता आधी धरा. तो देह तिथेच असू शकतो. खोदणे तिथेच थांबवा, पट्टी आहे तिथेच राहू द्या आणि पोलिसांना कळवा. त्या क्रमांकावरून एखाद्या घराला हरवलेल्या आपल्या माणसाचा पत्ता आजही लागतो.

आमच्याकडे काय पाठवावे

पुढची, मागची आणि कडेची बाजू दिसेल असे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, वजन, किती खोल सापडली, आणि जागेची नेमकी नोंद, जी आम्ही कुणाला सांगत नाही. जमीनमालकाची लेखी परवानगीही जोडा. संरक्षित रणभूमीवरून किंवा विनापरवानगी काढलेल्या वस्तूची ओळख आम्ही करून देत नाही.

तोवर शिशाच्या वस्तू ओकच्या कपाटात ठेवू नका. त्या लाकडाच्या आम्ल वाफेने शिसे पांढरे पडून भुकटी सुटते. ती विषारी असते, म्हणून हाताळल्यावर हात धुवा. लोखंडी वस्तू सुकल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उत्तर लेखी देतो, कशावरून ओळखले ते कारणांसह. खात्री नसेल तिथे ‘बहुधा’ असे स्पष्ट लिहितो.