भारोत्तोलनाचे बूट

खांद्यावर किंवा हातात जड वजन घेऊन बसता-उठताना पावलाखाली न दबणारा, न डुगडुगणारा आधार देणारे बूट. कडक सोल, उचललेली टाच आणि पाऊल घट्ट धरून ठेवणारा आडवा पट्टा ही त्यांची ओळख. स्क्वॉट (वजन घेऊन खाली बसून उठणे), स्नॅच (वजन एका झेपेत जमिनीवरून डोक्यावर नेणे) आणि क्लीन अँड जर्क (वजन आधी खांद्यांवर झेलणे, मग डोक्यावर ढकलणे) यांसाठी ते वापरतात. डेडलिफ्टची, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून सरळ उभे राहण्याची, गरज मात्र जवळजवळ उलटी असते.

पळण्याच्या बुटाचा सोल जाड फोमचा असतो, कारण पाऊल जमिनीवर आपटल्यावर बसणारा धक्का शोषणे हे त्याचे काम. स्क्वॉटमध्ये धक्का नसतो, अंगावर टिकून राहणारा भार असतो. खांद्यावर १०० किलो आले की फोम दबतो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. आतली कड जास्त दबली तर पाऊल आत कलते आणि पाठोपाठ गुडघाही आत येतो. रोजच्या चालण्याने एका बाजूला झिजलेला जोड असेल तर हे आणखी वाढते. म्हणून या बुटांची टाच टीपीयूसारख्या कडक प्लॅस्टिकची, थरावर थर चिकटवलेल्या चामड्याची किंवा लाकडाची करतात. दुकानात परीक्षा सोपी आहे: टाचेच्या कडेला अंगठा जोराने रोवावा. खळगा पडला तर तो जोड परत ठेवावा. चवड्याकडचा भाग मात्र थोडा वाकलाच पाहिजे. जर्कमध्ये मागचा पाय चवड्यावरच उभा असतो.

टाचेच्या उंचीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. बाहेरून दिसणारी उंची फसवी असते. टाचेखालच्या जाडीतून चवड्याखालची जाडी वजा केली की जे उरते ती खरी उंची. ती साधारण १५ ते २२ मिलिमीटर असते आणि २० च्या आसपासचे जोड सर्वाधिक दिसतात. टाच उचलली गेली की घोट्याला तेवढे कमी वाकावे लागते. नडगी सहज पुढे झुकते, गुडघे बोटांच्या पुढे जाऊ शकतात आणि छाती वर राहते. बार (वजनाचा दांडा) पुढून खांद्यांवर धरून केलेला फ्रंट स्क्वॉट, बार मानेच्या मुळाशी ठेवून केलेला हाय-बार स्क्वॉट आणि स्नॅच यांत हेच हवे असते. पूर्वी स्नॅच-क्लीनमध्ये बरेच जण पाय पुढेमागे फेकून बारखाली जात. खोल बसून वजन झेलण्याची पद्धत रुळली, तसे उंच टाचेचे महत्त्व वाढले. बार पाठीवर थोडा खाली ठेवून केलेल्या लो-बार स्क्वॉटमध्ये कंबर मागे जाते आणि धड मुद्दामच झुकते. तिथे बुटक्या टाचेवर किंवा सपाट बुटातही अनेकांचे चांगले भागते.

आपल्याला टाच किती लागेल हे भिंतीपाशी कळते. अनवाणी उभे राहून पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहावा. लागत नसेल, किंवा मांडीचे हाड तुलनेने लांब असेल, तर उंच टाचेचा फायदा ठळक जाणवतो. घोट्याचा ताठरपणा मात्र बुटाने जात नाही. त्यासाठी वेगळा व्यायाम चालू ठेवावा लागतो. टाचेखाली लोखंडी प्लेटा सारून काम भागवणे धोक्याचे आहे: प्लेट सरकते, आणि तीही नेमकी वजन वर नेताना.

डेडलिफ्टमध्ये २० मिलिमीटरची टाच म्हणजे बार तितकाच जास्त उंच ओढणे, शिवाय तोल चवड्यावर जाणे. तिथे पातळ, सपाट सोलचे कॅनव्हास बूट, कुस्तीचे बूट किंवा डेडलिफ्टच्या चपट्या स्लिपर चांगल्या. पॉवरलिफ्टिंगच्या (स्क्वॉट आणि डेडलिफ्ट असलेल्या स्पर्धा-खेळाच्या) आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत सोलची उंची ५ सेंटीमीटरपर्यंतच चालते.

माप संध्याकाळी, पाऊल थोडे फुगलेले असताना आणि सरावाचेच मोजे घालून घ्यावे. पुढे अर्धा सेंटीमीटर जागा पुरते. पळण्याच्या बुटाइतकी मोकळीक ठेवली तर पाऊल आत घसरते. बोटे पसरता आली पाहिजेत, पण खाली बसल्यावर टाच बुटातून उचलली जाता कामा नये. नाडी बोटांकडून वर आवळत यावी, पट्टा शेवटी ओढावा. पायाला मुंग्या आल्या तर पट्टा सैल करावा.

नव्या जोडात पहिले दोन-तीन आठवडे वजन कमी ठेवावे. तोल नकळत बोटांकडे सरकतो आणि गुडघ्यांवर अचानक जास्त काम पडते. अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा आणि टाच हे तिन्ही बिंदू जमिनीला टेकलेले राहतात का, ते प्रत्येक बैठकीत तपासावे. हे बूट घालून पळू नये, दोरीवरच्या उड्या मारू नयेत: कडक सोल धक्का सरळ सांध्यांकडे पाठवतो. खडूची भुकटी सोलवर बसली की रबराची पकड जाते, म्हणून सरावाआधी सोल ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा.