ठोकळा की जादा पाटा? जुनी पिकअप मागून उचलताना

जुन्या पिकअपचं मागचं अंग बसलं की दोन स्वस्त इलाज सुचवले जातात. एक, ॲक्सल आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मधे लोखंडी ठोकळा घालणं. दुसरा, पाट्यांच्या सेटमध्ये एक जादा पाटा टाकणं. दोन्हींनी रिकामी गाडी इंच-दीड इंच वर येते, म्हणून दोन्हींना ‘गाडी उचलली’ असंच म्हणतात. फरक कळतो तो बेळगावजवळच्या खानापूरला विटांचा माल भरल्यावर. ठोकळ्याची गाडी पूर्वी जितकी दबायची तितकीच दबते, फक्त थोड्या वरून. जादा पाट्याची मुळात कमी दबते. ठोकळा उंची देतो, पाटा उंचीबरोबर ताकदही देतो.

काहीही घेण्याआधी गाडीखाली वाकून पाटे ॲक्सलच्या वर आहेत की खाली, ते बघा. वर असतील तरच ठोकळ्याने गाडी उचलते. खाली असतील तर त्याच ठोकळ्याने ती आणखी बसेल. मग सपाट जागी, रिकाम्या गाडीत, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू मोजून लिहून ठेवा. अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला तर आधी तुटलेला पाटा किंवा गेलेला बुश (पाट्याच्या टोकातली रबरी नळी) शोधा. तो दोष ठोकळ्याने झाकला जातो, जात नाही.

ठोकळा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमधूनही करून घेता येतो, पण तो भरीव लोखंडाचा हवा आणि त्याची रुंदी ॲक्सलवरच्या बैठकीइतकी हवी. वर, पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं बसेल असं भोक आणि खाली बैठकीच्या भोकात जाणारी पिन, दोन्ही नेमक्या मापाची लागतात. पिन सैल राहिली तर ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट जुन्यांपेक्षा ठोकळ्याच्या उंचीइतके जास्त लांब आणि नवेच घ्या. एकदा ताणलेला जुना बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. लाकडाचा ठोकळा, एकावर एक दोन ठोकळे किंवा पुढच्या ॲक्सलला ठोकळा, हे तिन्ही प्रकार जिवावर बेततात. पुढे ब्रेक आणि स्टिअरिंगचा सगळा जोर त्याच जागी येतो.

ठोकळा उंच असेल तितकी ॲक्सलला पाटे पिळायला तरफ मोठी मिळते. चोर्ला घाटात पहिल्या गिअरला भरलेली गाडी चढवताना पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो, डिफरन्शियलचं तोंड वर उचलतं, प्रोपेलर शाफ्ट थरथरतो आणि शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात. म्हणून आमच्या मते मालवाहू गाडीला दीड इंचापुढे ठोकळा नकोच.

जादा पाट्याचं काम जास्त वेळ खातं. चेसीला घोड्या (स्टँड) लावून, ॲक्सलखाली जॅक देऊन सेट उतरवायचा आणि सेंटर बोल्ट काढण्याआधी पाटे शिकंज्यात किंवा सी-क्लॅम्पमध्ये आवळायचे. नाहीतर ते उसळून हाताला लागतात. नवा पाटा जुन्यांच्याच रुंदीचा आणि त्यांच्यापेक्षा किंचित जास्त कमानीचा हवा. लांबीच्या क्रमाने त्याची जागा ठरते, सहसा मेन (सर्वांत वरचा, लांब) आणि दुसऱ्या पाट्याच्या खाली. पाट्यांमधला गंज ब्रशने काढून ग्राफाइट ग्रीस लावा. जाडी वाढली म्हणून सेंटर बोल्टही लांब घ्या. तोटा असा की रिकामी गाडी खड्ड्यात जास्त आपटते.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पूर्ण सपाट झालेल्या सेटमध्ये एकच ताजा पाटा घालणं. सगळा भार त्या एकट्यावर येतो, आणि काही महिन्यांत तो तुटतो किंवा बसतो. आधी जुन्या पाट्यांना कमान देऊन घ्या. मात्र पाटा भट्टीत लाल करून नुसता वाकवला आणि पुन्हा पाणी दिलं नाही, तर पोलाद मऊ राहतं आणि कमान फार दिवस टिकत नाही. मेन पाट्याच्या डोळ्याजवळ (टोकाच्या गोल वळणाजवळ) भेग असेल तर कमानीवर पैसे घालू नका, पाटा बदला.

लांब शॅकलचाही (पाट्याचं एक टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या पट्टीचा) तिसरा पर्याय सांगितला जातो. एकच टोक खाली जात असल्याने दोन इंच लांबीतून जेमतेम एक इंच मिळतो, आणि गाडी बाजूला झुलते.

काहीही केलं तरी चाकं लोंबकळत ठेवून ब्रेकचा होज ताणला जातो का, शॉकअप पूर्ण उघडतो का, ते बघा. मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असेल तर दांडीची जोडणी कंपनीच्या मापाला पुन्हा लावा. न लावल्यास व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी लागतो.

कायद्याच्या बाजूने, कंपनीच्या मूळ उंचीपर्यंत परत आणणं ही दुरुस्ती आहे. त्यापुढे उचलणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खालचा बदल ठरू शकतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तपासणीत ते नजरेला येईल. भाजी, दूध असा हलका माल असेल, पाटे धड असतील आणि गाडी थोडीच बसली असेल, तर एक इंच ठोकळा पुरतो. विटा, ऊस, वाळू असेल तर कमान आणि जादा पाटा.

यू-बोल्टचे नट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळा, आणि शंभरेक किलोमीटर माल वाहून झाल्यावर पुन्हा आवळा. नवे पाटे दबून बसले की पहिला ताण सैल होतोच.