चुनखडकातला समुद्र

विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. भाजलेल्या दगडावर पाणी टाकलं की तो सूं करतो, फुगतो, तडकतो आणि पांढरी भुकटी होते. पानठेल्यावर खर्रा घोटताना लागतो तोही चुनाच. पण १०० किलो शुद्ध चुनखडक भाजला तर हाती ५६ किलोच येतो. बाकीचे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. दगडातून निघणारी ही हवा स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने ओळखली. १७५६ साली छापलेल्या प्रबंधात त्याने तिला ‘स्थिर हवा’ म्हटलं.

ती दगडात शिरली समुद्रातून. हो, आपल्याकडे समुद्र होता! पैनगंगेच्या खोऱ्यातला चुनखडक साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वी त्याच्या तळाशी बसला. तेव्हा शिंपले नव्हते, मासे नव्हते. होते ते उन्हावर अन्न बनवणारे नीलहरित जिवाणू.

कपाशीचं पान हवेतून थेट कार्बन डायऑक्साइड वायू घेतं. समुद्रात ते जमत नाही, कारण विरघळलेल्या कार्बनपैकी मोकळा वायू असतो जेमतेम एक टक्का. बहुतेक कार्बन बायकार्बोनेट या विरघळलेल्या रूपात असतो. म्हणून बरीच शेवाळं आणि जिवाणू बायकार्बोनेटच आत ओढतात आणि पेशीत त्याचा पुन्हा वायू करून अन्न बनवतात. या ओढाओढीत भोवतालच्या पाण्याची आम्लता घटते आणि चुनखडकाचा गाळ खाली बसायला लागतो. जिवाणूंच्या चिकट थरावर तो साचतो, त्यावर नवा थर चढतो. अशा दगडाला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. कापलेल्या पत्ताकोबीसारखा दिसतो. वणी परिसरात असे जीवाश्म सापडले आहेत. सगळाच चुनखडक जिवाणूंनी बसवला असं मात्र नाही, काही पाण्यातून आपसूकही बसला.

कवचवाले प्राणी आले ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास. शिंपला कार्बन डायऑक्साइड गिळून टाकतो असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. कवच घडताना बायकार्बोनेटच्या दोन भागांपैकी एक कवचात जातो, दुसरा वायू होऊन पाण्यात परत सुटतो. वायू खरा कमी करतात ती शेवाळं, तीही मेल्यावर खोल तळाशी गाडली गेली तरच.

गडचांदूरच्या सिमेंट भट्ट्यांतून चुनखडकातला हाच जुना साठा आता मोकळा होतो, कोळशाचा धूर वेगळा. दिवाळीआधी भिंतीला दिलेला चुना मात्र सुकताना हवेतून थोडा वायू परत ओढतो. पोपडा निघतो तो चुनखडकाचाच.