नदी खोदली तर माशांचं घर दुसरीकडे बांधून देता येतं का?

सॅमनची मादी अंडी घालते तेव्हा ती पाण्यात नुसती सोडून देत नाही, शेपटीने तळातले गोटे उडवून खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि नराने ती फळवली की वरच्या अंगाचे गोटे ढकलून झाकून टाकते. मग कित्येक महिने, बहुतेकदा अख्खा हिवाळा, ती अंडी गोट्यांच्या फटीतच असतात आणि त्यांना ऑक्सिजन मिळतो तो फक्त त्या फटींमधून झिरपत जाणाऱ्या थंडगार पाण्यातून. आता वरच्या बाजूला कोणी नदीत पोकलेन उतरवला, बारीक गाळ उठला आणि वाहत येऊन त्या फटींमध्ये बसला, की अंडी जागच्या जागी गुदमरतात. दोन दिवसांनी पाणी परत नितळ होतं, काठावरून बघणाऱ्याला काही झालंय असं वाटतही नाही.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गेल्या काही वर्षांत दोन मोठ्या पाइपलाइन झाल्या. ट्रान्स माउंटनची जुनी तेलाची लाइन 1953 ची, तिच्या जोडीला शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनपासून किनाऱ्यावरच्या बर्नाबीपर्यंत साधारण 980 किलोमीटर नवी लाइन टाकली, ती 1 मे 2024 ला सुरू झाली. दुसरी कोस्टल गॅसलिंक, डॉसन क्रीकच्या भागातून किटिमॅट बंदरापर्यंत गॅस नेणारी, 670 किलोमीटर. एवढ्या अंतरात नद्या, ओढे, नाले मिळून शेकडो ठिकाणी पाइप पाण्याखालून न्यावा लागतो.

लहान ओढा असेल तर पद्धत अशी, की आधी वरती आणि खालती तात्पुरते बांध घालायचे, मधल्या पाण्यात विजेचा हलका झटका देऊन मासे पकडून बाहेर सोडायचे, ओढ्याचं पाणी पंपाने बांधाच्या पलीकडे न्यायचं, कोरड्या पात्रात चर खणायचा, पाइप टाकायचा आणि तळातले गोटे बाजूला वेगळे ठेवलेले असतात ते परत वर पसरायचे. हे सगळं वर्षातल्या ठराविक आठवड्यांतच, जेव्हा अंडी किंवा पिल्लं गोट्यांमध्ये नसतात. मोठ्या नदीत हे जमत नाही, तिथे तळाच्या खूप खालून आडवं ड्रिलिंग करतात, फ्रेझर नदी ट्रान्स माउंटनने अशीच ओलांडली आणि मोरिस नदीखालून कोस्टल गॅसलिंकने छोटा बोगदा काढला. मग सगळीकडेच बोगदे का नाही काढत? खर्च तर आहेच पण खालचा खडक भुसभुशीत असेल तर ड्रिलिंगचा चिखल दाबाने फटीतून वर नदीत येऊ शकतो, म्हणजे ज्या गाळाची भीती तोच वेगळ्या वाटेने येतो.

2017 मध्ये ट्रान्स माउंटनने आणखी एक युक्ती केली होती, जिथे पुढे खोदाई व्हायची होती त्या ओढ्यांच्या तळावर प्लॅस्टिकच्या जाळ्या अंथरल्या म्हणजे मासे तिथे अंडीच घालणार नाहीत. परवानगी मिळायच्या आधीच अंथरल्या म्हणून पाइपलाइनवर देखरेख करणाऱ्या नॅशनल एनर्जी बोर्डाने ते काम थांबवायला लावलं. पण परवानगीचं सोडा, जो मासा समुद्रातून शेकडो किलोमीटर उलटा पोहत जन्माच्या ओढ्याला येतो त्याच्या समोर जाळी टाकायची आणि त्याला नुकसान टाळणं म्हणायचं हे मला अजिबात पटत नाही.

कायदा मात्र जुना आणि कडक आहे. कॅनडाचा फिशरीज अ‍ॅक्ट, म्हणजे मासे आणि मासेमारीचा कायदा, 1868 चा, त्यात माशांच्या अधिवासाचं नुकसान करायला बंदी 1970 च्या दशकात आली, 1986 च्या धोरणात ठरलं की एकूण अधिवास घटता कामा नये, 2012 मध्ये सरकारने हे संरक्षण पातळ केलं आणि 2019 मध्ये परत आणलं. नियमाचा क्रम सरळ आहे, आधी नुकसान टाळा, टाळता येत नाही ते कमी करा आणि तरीही जे उरेल त्याची भरपाई दुसरीकडे अधिवास तयार करून किंवा सुधारून द्या, या शेवटच्या पायरीला ऑफसेट म्हणतात. आपल्याकडे जंगलाची जमीन प्रकल्पाला दिली की पर्यायी वनीकरण करावं लागतं, कल्पना तीच आणि प्रश्नही तोच, की लावलेलं आणि गेलेलं सारखं असतं का.

कॅनडात हे मोजून बघितलंय. क्विग्ली आणि हार्पर या संशोधकांनी देशभरातल्या अशा 16 जागा तपासल्या, आणि नुसतं क्षेत्रफळ नाही तर दगडावरचं शेवाळ, पाण्यातले किडे, माशांचं एकूण वजन, काठावरची झाडी हे सगळं मोजलं. 2006 मध्ये निकाल छापून आला, 63 टक्के प्रकल्पांत नदीची उत्पादकता घटलेलीच होती, 25 टक्के ठिकाणी बरोबरी झाली होती आणि फक्त 12 टक्के ठिकाणी वाढ. घटलेल्या ठिकाणी सरासरी गेलेल्या प्रत्येक 1 चौरस मीटरमागे 0.7 चौरस मीटरच मिळाला होता, बरोबरीच्या ठिकाणी 1.1 आणि वाढ झाली तिथे तब्बल 4.8. आणि दुप्पट जागा दिली तरी सगळीकडे बरोबरी साधेलच असं नाही हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे फाइलमध्ये चौरस मीटर जुळले तरी नदीत मासे जुळतीलच असं नाही.

मग चांगला ऑफसेट कसा असतो? माझं मत असं की नवीन काही बांधण्यापेक्षा जे आधी माणसानेच बंद केलं ते उघडून देणं जास्त चांगलं. रस्त्याखालच्या मोऱ्यांचंच बघा. जुन्या पाइपच्या मोरीचं खालचं तोंड वर्षानुवर्षं पाण्याच्या माऱ्याने अधांतरी होतं, खाली फूट-दोन फूट धबधबा तयार होतो आणि मोठा सॅमन एकवेळ उडी मारेल पण बोटभर पिल्लू नाही मारू शकत. ती मोरी काढून तिथे छोटा पूल केला की वरचा सगळा ओढा एका फटक्यात मोकळा होतो, आणि तो ओढा, त्याची झाडी, त्याचे किडे हे सगळं आधीच तयार असतं.

दुसरा प्रकार बाजूच्या प्रवाहांचा. कोहो जातीच्या सॅमनची पिल्लं साधारण वर्षभर गोड्या पाण्यात राहतात, आणि हिवाळ्यात मुख्य नदीच्या जोरात ती टिकत नाहीत, बाजूच्या संथ डबक्यांत, जुन्या वळणांत जाऊन राहतात. कोकणात पहिल्या पावसाला चढणीचे मासे नदी सोडून वहाळातून पार भातखाचरांत जातात तसंच, नदीतल्या माशाला नदीबाहेरचं पाणीही लागतं. रस्ते, रेल्वे, शेतीचे बांध यांनी ही डबकी नदीपासून तुटलेली असतात, ती परत जोडली की कोहोला चांगला फायदा होतो.

पण नदी काही नकाशावरच्या रेषेत राहत नाही. ट्रान्स माउंटनची लाइन मेरिटजवळच्या कोल्डवॉटर नदीच्या खोऱ्यातून जाते, कोहोची महत्त्वाची नदी, तिचं पाणी निकोला आणि थॉम्पसनमधून फ्रेझरला जातं. नोव्हेंबर 2021 मध्ये प्रचंड पाऊस झाला, कोल्डवॉटरने काठ फोडले, मेरिट गाव रिकामं करावं लागलं, जुन्या पाइपवरची माती काही ठिकाणी वाहून गेली आणि लाइन साधारण तीन आठवडे बंद होती. जिथे पाइप उघडा पडतो तिथे ठरवून रचलेले गोटे आणि ओंडके कसे टिकणार? म्हणून ऑफसेटची जागा निवडताना पुराचा विचार हवा, आणि काम झाल्यावर लक्ष ठेवणं एक-दोन वर्षांत संपता कामा नये, कारण काठावर लावलेल्या रोपाची सावली पाण्यावर पडायला खूप वर्षं लागतात आणि सावलीशिवाय उन्हाळ्यात ओढा तापतो, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

आणि मासे कोणाचे हाही प्रश्न आहे. मोरिस नदीला तिथले मूळ रहिवासी वेटसुवेटेन लोक वेडझिन क्वा म्हणतात, त्यांच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी कोस्टल गॅसलिंकला विरोध केला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी कॅनडाभर रेल्वे अडवल्या गेल्या. एका खोऱ्यातले मासे गेले आणि दोन डोंगर पलीकडे तेवढेच वाढवले तर हिशोब बरोबर येईल, पण ज्यांच्या आज्या-पणज्या त्या एका वळणावर मासे धरत आल्या त्यांना काय मिळालं? याच पाइपलाइनला प्रांताच्या पर्यावरण कार्यालयाने माती आणि गाळ नीट न रोखल्याबद्दल पुन्हा पुन्हा दंड केला, जानेवारी 2023 चा एकच दंड 2,13,600 डॉलरचा. एवढ्या मोठ्या प्रकल्पात ही रक्कम किरकोळ आहे.

त्यापेक्षा नियमातली दुसरी एक तरतूद मला जास्त कामाची वाटते. नुकसानीची परवानगी मागतानाच कंपनीला ऑफसेटचा प्लॅन पुरा करायला लागेल तेवढ्या पैशांचं, रद्द न होणारं बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैशांच्या हमीचं पत्र, द्यावं लागतं, कंपनीने काम अर्धवट सोडलं तर सरकार तेच पैसे वापरून ते करून घेऊ शकतं. ते पत्र, मोरी बदलली आणि रोपं लावली असे फोटो आले की परत देऊ नये, पुढचे हिवाळे बाजूच्या डबक्यात कोहोची पिल्लं खरंच राहतात का ते मोजून झाल्यावरच द्यावं.